झाडाखालचं गवत आणि उघड्यावरचं गवत: फरक नेमका कशात?

'बांधावर झाड असलं की त्या पट्ट्यात चारा येत नाही' असं म्हणणारा शेतकरी आणि 'दिवाळीनंतर माळ पिवळा पडला तरी झाडाखाली हिरवं टिकतं' असं म्हणणारा शेतकरी, दोघं एकाच गावात भेटतात. दोघांचंही खरं असतं, कारण दोघांच्या जमिनीत कमी पडणारी गोष्ट वेगळी असते. गवताला झाड मदत करतं की त्याच्या ताटातलं पळवतं, हे ठरवताना आधी विचारायचं ते एवढंच: इथे तुटवडा कशाचा आहे, उन्हाचा, पाण्याचा की नत्राचा?

उन्हापासून सुरुवात करू. नेपियर, गिनी, मारवेल, पॅरा ही उष्ण कटिबंधातली गवतं मका-उसाच्या जातकुळीतली, म्हणजे सी-४ प्रकारची. (सी-३ आणि सी-४ या पानांच्या अन्न तयार करण्याच्या दोन पद्धती.) आंबा, कडुनिंब, सुबाभूळ अशी झाडं सी-३. भर दुपारच्या उन्हाचा निम्मा-तिसरा हिस्सा मिळाला की सी-३ पानाचं पोट भरतं, त्यावरचं ऊन त्याला वापरता येत नाही. सी-४ गवताचं मात्र ऊन वाढेल तसं उत्पादन वाढत जातं. म्हणून पाणी भरपूर, शेणखत-युरिया वेळेवर आणि गवत संकरित नेपियर असेल, तर त्या शेतात कमी पडू शकणारी गोष्ट ऊन हीच उरते. राहुरी कृषी विद्यापीठाचं फुले जयवंत हे संकरित नेपियरचं वाण लावायचं आणि मधे झाडांच्या ओळी उभ्या करायच्या, हा व्यवहार मला पटत नाही. बागायती नेपियरला झाड नकोच. हौस असेल तर उत्तरेच्या बांधावर लावा, म्हणजे हिवाळ्यातली लांब सावली शेतात पडत नाही.

गिनी गवताचा स्वभाव वेगळा. सावली सोसणाऱ्या चारा गवतांत त्याचं नाव आधी घेतात, म्हणून केरळ-कोकणात नारळाच्या बागेत ते लावतात. अर्थात कुठल्याही नारळाखाली नाही. ७.५ मीटर अंतरावरच्या बागेत पहिली ७-८ वर्षं खाली भरपूर ऊन येतं. साधारण आठव्या वर्षापासून पंचविसाव्या वर्षापर्यंत झावळ्यांचं छत दाट असतं, तेव्हा खाली गवत रडतखडतच येतं. माड उंच गेले की पुन्हा उजेड उतरतो. 'नारळात गिनी होतं' हे वाक्य बागेचं वय सांगितल्याशिवाय अर्धवट आहे. आंब्याच्या जुन्या, जमिनीला टेकलेल्या झाडाखाली तर त्याचा विचारही नको.

एकाच दिवशी लावलेलं गिनीचं एक ठोंब उन्हात आणि एक सावलीत असेल तर दोन्ही हातात धरून बघा. सावलीतलं पान रुंद, पातळ, गडद हिरवं आणि हाताला मऊ लागतं. काडी उंच पण बारीक असते, वाऱ्यानं लवते. बुडाशी फुटवे मोजले तर उन्हातल्यापेक्षा कमी भरतात. उपटून पाहिलं तर खरा फरक कळतो: मुळांचा झुपका लहान असतो. उजेड कमी पडला की गवत आपली शिल्लक वर पानांत घालतं, खाली मुळांत घालत नाही. म्हणून दुसरी कापणी उशिरा येते. उन्हातल्या गवतासारखं जमिनीलगत छाटलं तर तिसऱ्या-चौथ्या कापणीपर्यंत ठोंबच मरायला लागतं. सावलीतलं गवत वीतभर उंच ठेवून कापायचं आणि दोन कापण्यांत जास्त दिवस सोडायचे.

आता तो गडद हिरवा रंग. त्यावरून 'झाडाखालचं गवत जास्त सकस' असं सर्रास म्हटलं जातं आणि इथे निम्मी गफलत होते. सावलीतल्या पानात प्रथिनांचं प्रमाण बहुधा जास्त भरतं, हे खरं. पण पाणीही जास्त असतं. २० किलो हिरव्या चाऱ्यात २५ टक्के कोरडा भाग असेल तर गाईच्या पोटात ५ किलो जातो, २० टक्के असेल तर ४ किलो. तराजूवर वजन तेच, गोठ्यात एक किलोची खोट. प्रथिनं टक्क्यांत वाढली तरी गुंठ्यामागे एकूण प्रथिनं वाढतीलच असं नाही. साखरही कमी असते, त्यामुळे नुसत्या सावलीतल्या गवताचा मुरघास नीट आंबत नाही. आणि दाट सावलीत वर युरियाचा मोठा हप्ता दिला तर पानांत जनावराला विषारी ठरणारं नायट्रेट साठतं. पावसाळ्यात ढगाळ आठवड्यात जो धोका, तोच इथे बारमाही. असं गवत कापायचंच तर उन्हाच्या दुपारी कापावं आणि वाळल्या कडब्यात मिसळून घालावं.

मग झाडाखाली गवत वाढतं, तेही उघड्यापेक्षा जास्त, असं कधी होतं का? होतं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या जुन्या कुरणांत संशोधकांना हे दिसलं. गवताच्या मुळांनी आणि पाल्यानं जमिनीतलं नत्र अडकवून ठेवलेलं होतं, ऊन रग्गड होतं, तरी गवत पिवळं पडत होतं. त्यावर हलकी सावली आली तसं उत्पादन वाढलं. कारण साधं होतं: सावलीत जमिनीचा वरचा थर थंड आणि ओलसर राहतो, पालापाचोळा कुजवणारे जीवाणू जास्त दिवस काम करतात आणि अडकलेलं नत्र मोकळं होतं. ज्या कुरणाला कधी खत मिळत नाही तिथे थोडं ऊन देऊन नत्र घेणं हा फायद्याचा सौदा ठरतो. त्याच कुरणाला युरिया मिळाला की सौदा उलटतो.

चरायला सोडणं आणि कापून आणणं यांतही भेद आहे. जनावरं दुपारी झाडाखाली बसतात आणि शेणमूत तिथेच पडतं, म्हणजे माळभरचं खत झाडाच्या बुडाशी गोळा होतं. 'झाडामुळे' हिरवं दिसणाऱ्या पट्ट्याचं निम्मं श्रेय या बैठकीला द्यायला हवं. कापून गोठ्यात नेणाऱ्याला हा फायदा नाही, त्यानं शेणखत परत टाकलं तरच हिशोब जुळतो. उलट चरणाऱ्या संकरित गाईला मार्च-एप्रिलात सावली मिळाली तर उन्हामुळे तिचं चरणं फारसं थांबत नाही, हा लाभ गवताच्या वजनात कुठेच दिसत नाही.

पाण्याचा तुटवडा असेल तिथे सगळं झाडाच्या जातीवर येतं. राजस्थानातली खेजडी विरळ पानांची, खोल मुळांची. हिवाळ्यात तिची छाटणी करून पाला जनावरांना घालतात, आणि तिच्याखालचा बाजरा-गवताचा पट्टा बरा येतो हे तिथे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. आपल्याकडे दख्खनमध्ये हेच काम रामकाठी बाभूळ करते. झाडूसारखी सरळ उभी वाढते, सावली जेमतेम पडते, शेंगा शेळ्यांना होतात. निलगिरीच्या ओळींजवळ मात्र गवत मागेच राहतं. आणि वेडी बाभूळ काय करते ते कच्छच्या बन्नीत दिसतं. रणाचा खारेपणा पुढे सरकू नये म्हणून १९६०च्या दशकात ती लावली गेली. गुरांनी शेंगा खाल्ल्या, शेणातून बी पसरलं आणि सुमारे २,५०० चौरस किलोमीटरच्या त्या गवताळ प्रदेशाचा मोठा भाग काटेरी झुडपांखाली गेला. बन्नी म्हशी पाळणारे मालधारी गेली कित्येक वर्षं ते गवत परत मागताहेत.

हे सांगायचं कारण, वन-कुरण आणि वनीकरण यांची आपल्याकडे फार गल्लत होते. वन-कुरणात गवत हे पीक असतं आणि झाडं त्याच्या सोयीनं, विरळ लावलेली, छाटलेली. वनीकरणात झाड हे पीक, गवत वाचलं तर वाचलं. पुणे-सोलापूरकडच्या कमी पावसाच्या माळांवर पवना, कुसळी, मारवेल हजारो वर्षं मोकळ्या उन्हात वाढत आलेत. तिथे चर खणून गिरिपुष्प किंवा निलगिरी दाटीनं लावायची आणि त्याला कुरणविकास म्हणायचं, याला अर्थ नाही. तो माळ उजाड नव्हता, गवताचा होता. मेंढपाळाला आणि लांडग्यालाही तो तसाच हवा असतो.

सुबाभूळ या भांडणात थोडी बाजूला पडते, कारण तिथे झाड स्वतःच चारा आहे. क्वीन्सलँडमध्ये ६ ते १० मीटर अंतरावर तिच्या ओळी, मधे गवत, आणि जनावरं दोन्ही सरळ चरतात. शेंडा खाल्ला जात राहिला तर झाड फार उंच जात नाही, मग सावलीही कमीच. मिमोसिन या विषारी घटकामुळे सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवतात. एवढं पाळलं तर कोरडवाहू शेतकऱ्यासाठी, माझ्या मते, गवतासोबत लावण्यासारखं पहिलं झाड तेच. मात्र शेंगा पिकू देऊ नका, नाहीतर दोन पावसाळ्यांत रान तिचंच होतं.

आपल्या झाडाखाली सावली किती, हे अंदाजानं ठरवू नका. मोबाइलवर प्रकाश मोजणारं ॲप घ्या, निरभ्र दिवशी बारा वाजता उघड्यावर आणि मग झाडाखाली चार-पाच ठिकाणी आकडा बघा. भर उन्हात तो १ लाख लक्सच्या आसपास असतो, पण फोनचा सेन्सर कमीजास्त दाखवतो, म्हणून फक्त प्रमाण पाहायचं. निम्म्याहून जास्त उजेड पोचत असेल तर गिनी लावून बघायला हरकत नाही. पाव भागच पोचत असेल तर आधी कोयता घेऊन फांद्या विरळ करा, ठोंबं नंतर आणा.