जळालेलं लाकूड आणि झिजलेलं कृष्णविवर

इंदूरच्या राजवाड्याजवळ सकाळचे पोहे खाताना भाची म्हणाली, "मामा, १९८४च्या आगीत इथलं लाकूडकाम जळालं ना? कृष्णविवरात पडलेल्याचंही तसंच. गेलं ते गेलं." पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरत मी म्हटलं, दोन्हीकडे चुकतेस.

जळणं म्हणजे पुसणं नव्हे. लाकडाचा हिशेब राख, धूर, उजेड, ऊब यांत विखुरतो, एवढंच. सगळं कणन्‌कण गोळा करता आलं, तर कुठल्या खांबावर कुठली वेलबुट्टी होती तेही तत्त्वतः काढता येईल. कोण काढणार, ते सोडा. आजच्या पूर्ण अवस्थेवरून कालची निघाली पाहिजे, हा पुंजयामिकीचा, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचे नियम सांगणाऱ्या शास्त्राचा, हट्ट आहे.

कृष्णविवरात नुसतं पडणंही पुसणं नव्हे. ती कुलूपबंद खोली. खोली आहे तोवर तक्रार नाही. पण १९७४ साली स्टीफन हॉकिंग यांनी दाखवलं की कृष्णविवरातून प्रारण, म्हणजे उष्णतेसारखा किरणोत्सर्ग, निघतं आणि खोलीच झिजत जाते. घाई मात्र अजिबात नाही. सूर्याएवढ्या कृष्णविवराचं तापमान म्हणजे एका केल्विनच्या (निरपेक्ष शून्यापासून मोजलेल्या एका अंशाच्या) दहा कोटी भागांतले जेमतेम ६ भाग. भोवतालचं विश्व २.७ केल्विनवर, त्यामुळे सध्या ते गमावण्यापेक्षा कमावतंच जास्त. एकटं सोडलं तरी संपायला १ वर ६७ शून्यं इतकी वर्षं लागतील.

खरी गोम धुरात आहे. लाकडाच्या धुरात लाकडाच्या खुणा असतात. हॉकिंग यांच्या गणितातल्या प्रारणाला फक्त वस्तुमान, फिरकी आणि विद्युतभार कळतो; आत पोथी पडली काय नि पोह्यांची बशी काय, त्याला सारखंच. खोली गेली, धूरही मुका. मग माहिती कुठे आहे?

पुसलीच, असं म्हणत हॉकिंग आणि भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांनी १९९७ साली, माहिती टिकते असं म्हणणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञ जॉन प्रेस्किल यांच्याशी पैज लावली. २००४ साली हॉकिंग यांनी हार मानून पैजेपोटी प्रेस्किल यांना बेसबॉलचा ज्ञानकोश दिला. त्याची राखच द्यायला हवी होती, असा विनोदही केला. मला तर तो विनोद अर्ध्या व्याख्यानाएवढा वाटतो.

भौतिकशास्त्रज्ञ डॉन पेज यांनी १९९३ सालीच कसोटी सांगितली होती: माहिती टिकत असेल, तर प्रारण आणि कृष्णविवर यांच्यातली पुंज-गुंतागुंत (एकाची अवस्था दुसऱ्याशी बांधली जाणं) आधी वाढेल आणि झिजण्याच्या साधारण मध्यावर उतरू लागेल. हॉकिंग यांच्या गणितात ती चढतच राहते. २०१९ साली काही सोप्या प्रारूपांत उतरणारा आलेख गणितानं मिळाला. माहिती त्या प्रारणात नेमकी कुठल्या लिपीत लिहिली जाते, यावर अजून वाद चालू आहे.