उतारावर जड सायकल पुढे का जाते?

कोलंबियातल्या मेडेयीन शहराबाहेरच्या डोंगरी रस्त्यांवरचे व्हिडिओ अनेकांच्या मोबाइलवर येऊन गेले असतील. ट्रकला मागे लटकून चढ चढायचा आणि वर पोचलं की पायडल नसलेल्या बुटक्या सायकलवर छाती टेकवून सुसाट खाली यायचं. हीच ग्रॅव्हिटी बाइक. दक्षिण कॅलिफोर्नियात रुजलेल्या या प्रकाराच्या रीतसर शर्यती बंद रस्त्यावर, चामडी सूट आणि पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट घालून होतात. वाहत्या रहदारीत ट्रकला लोंबकळण्याला खेळ म्हणू नये. त्यात पोरं मेली आहेत.

या सायकलींना मुद्दाम शिसं किंवा लोखंड भरतात. शाळेत शिकलेला माणूस लगेच हरकत घेतो: जड आणि हलकी वस्तू सारख्याच वेगानं पडते ना? गॅलिलिओनं तर उतारावरूनच गोळे सोडून मोजलं होतं. बरोबर आहे, पण त्याचे गोळे इतके सावकाश घरंगळत होते की हवेचा अडथळा जवळपास नव्हताच. इथे सगळा कारभार हवेचा आहे.

१० टक्के उतार घ्या, म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर १० मीटर खाली. सायकल आणि स्वार मिळून १०० किलो. गुरुत्वाकर्षण त्यांना उताराच्या दिशेनं सुमारे ९८ न्यूटननं ओढतं. टायरचं घर्षण त्यातले ६ न्यूटन खातं. उरलेले ९२ न्यूटन हवेशी भिडतात. हवेचा रोध वेगाच्या वर्गानं वाढतो, आणि आकाराचा गुणांक गुणिले समोरून दिसणारं क्षेत्रफळ, या गुणाकारावर अवलंबून असतो. आडव्या झालेल्या स्वारासाठी तो ०.२५ चौरस मीटर धरू. रोध आणि ओढ सारखे झाले की वेग वाढायचा थांबतो. हा अंतिम वेग येतो ताशी ८९ किलोमीटर.

आता २० किलो शिसं भरा. ओढ वाढली, टायरचं घर्षणही त्याच प्रमाणात वाढलं, पण समोरून दिसणारा आकार तोच राहिला. अंतिम वेग ९७ वर जातो.

गंमत पुढे आहे. सुटल्यापासून १०० मीटरवर हलकी सायकल ताशी ४५ किलोमीटरला असते आणि जड ४६ला. गॅलिलिओ अजून जिंकतोय. १ किलोमीटरवर तेच आकडे ८७ आणि ९३ होतात. कारण वेग किती अंतरात वाढतो याची मोजपट्टी म्हणजे वस्तुमानाला हवेची घनता आणि तो आकार-क्षेत्रफळाचा गुणाकार, या दोन्हींच्या गुणाकारानं भागून येणारं अंतर. हलकीसाठी ती सुमारे ३३० मीटर येते, जडसाठी ४००. म्हणून उतार छोटा असेल तर शिसं भरणं ही नुसती हमाली. उलट अंग चोरून ०.२५चे ०.२० केले, तर १०० किलोवरच ९९ गाठता येतात, आणि तेही सुरुवातीपासून फायद्यासकट. मेडेयीनच समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० मीटरवर आहे आणि रस्ते त्याहून वर चढतात. २००० मीटरवर हवा साधारण सहावा हिस्सा विरळ असते. अंतिम वेग तेवढ्यानेच ९ टक्के वाढतो.

महागड्या सिरॅमिक बेअरिंगनं वेग वाढतो हा उदोउदो या हिशेबात बसत नाही. टायरचं अख्खं घर्षण ६ न्यूटन, बेअरिंगचा वाटा त्याहूनही कितीतरी कमी. ‘मोकळं फिरावं’ म्हणून ग्रीस धुऊन टाकणारे तर बेअरिंगच खातात.

वजन कुठे टाकायचं हे जास्त महत्त्वाचं. रिममध्ये कधीच नाही: चाकाला पळवायचं आणि फिरवायचं, दोन्ही कामं असल्यामुळे रिममधला १ किलो वेग घेताना २ किलोंसारखा वागतो. क्रँक (पायडलचा दांडा) काढल्यावर रिकामी झालेली जागा आणि फ्रेमच्या खालच्या नळ्या योग्य. शिशाचे छर्रे सुटे ठेवू नयेत, वळणावर सरकतात. एपॉक्सी (घट्ट होणारा डिंक) ओतून पक्के करावेत. सगळं मागे टाकलं तर पुढचं चाक हलकं पडतं आणि हँडल थरथरू लागतं. २० इंची बीएमएक्स या छोट्या सायकलीचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) ७४ अंशांत उभा असतो आणि चाक लहान, त्यामुळे टायर जमिनीला टेकतं तो बिंदू स्टिअरिंगच्या रेषेच्या जेमतेम ३८ मिलिमीटर मागे येतो. कोन ७० अंश केला की तेच अंतर ५७ होतं आणि सायकल सरळ धरून राहते. थरथर सुरू झालीच तर गुडघ्यांनी फ्रेम दाबावी आणि हातांची पकड सैल सोडावी; घाबरून पुढचा ब्रेक आवळला की संपलं. निघण्याआधी पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवून पाहावी. हँडलपाशी ‘टक’ जाणवलं तर हेडसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं तो बेअरिंगचा जोड, ढिला आहे.

ब्रेकबद्दल नवख्यांचा समज नेमका उलटा असतो: हळू उतरलं की ब्रेकला आराम. अंतिम वेगाच्या निम्म्यानं उतरताना हवा फक्त पाव ओझं उचलते, पाऊण ब्रेकवर पडतं. १२० किलोंच्या सायकलीत ते सुमारे ११०० वॉट, म्हणजे कपड्यांची इस्त्री सतत चालू. रिमब्रेक असेल तर रिम तापून ट्यूब फुटते. म्हणून आधी छाती उचलून हवेला अंग द्यायचं. रोधाचा गुणाकार दुप्पट झाला तर अंतिम वेग ९७वरून ६९वर उतरतो. मग दोन्ही ब्रेक जोरात पण थोडा वेळ, आणि सोडून द्यायचे. ९७ला एकदम थांबायचं ठरवलं तर ४४ हजार ज्यूल दोन डिस्कमध्ये ओतावे लागतात. १२०-१२० ग्रॅमच्या डिस्क असतील तर, वाटेत थंडावा मिळाला नाही असं धरून, प्रत्येकी साडेतीनशे अंशांच्या वर तापतात. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये डॉट प्रकारचं तेल असेल तर ते हवेतली ओल शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि लिव्हर हँडलला टेकेपर्यंत दाबला तरी ब्रेक लागत नाही. जुनं तेल मोसमाच्या सुरुवातीलाच बदलावं.