गौतेंगचा ई-टोल आणि आपला फास्टॅग: एक बुडाला, एक रुजला

टोलचे दर वाढले की एक दाखला हटकून निघतो. दक्षिण आफ्रिकेत लोकांनी इलेक्ट्रॉनिक टोल भरायला सरळ नकार दिला आणि सरकारला तो गुंडाळावा लागला. मग आपणच फास्टॅग मुकाट्याने का सोसतो? दाखला खरा आहे. जोहान्सबर्ग आणि प्रिटोरिया ज्या गौतेंग प्रांतात येतात, तिथला ई-टोल ३ डिसेंबर २०१३ ला सुरू झाला आणि ११ एप्रिल २०२४ च्या मध्यरात्री बंद झाला. मात्र त्यावरून आपल्याकडचे लोक भित्रे आणि तिकडचे शूर असा जो अर्थ काढला जातो, तो साफ चुकीचा आहे. दोन्हीकडे काचेवर टॅग आहे आणि दोन्हीकडे त्याला इलेक्ट्रॉनिक टोल म्हणतात, एवढंच साम्य. आत शिरून पाहिलं तर हे दोन निराळेच व्यवहार आहेत.

आधी पैसे की आधी रस्ता

गौतेंगच्या महामार्गांवर टोलनाका नावाची वस्तूच नव्हती. रस्त्यावरून आडव्या जाणाऱ्या लोखंडी कमानी, त्यांवर कॅमेरे आणि टॅग वाचणारी यंत्रं. गाडी ताशी १२० च्या वेगाने खालून निघून जायची. टॅग असला तर खात्यावर नोंद व्हायची, नसला तर नंबरप्लेटचा फोटो निघायचा आणि बिल मागाहून पोस्टाने घरी यायचं. टॅगवाल्याला दर कमी, बिनटॅगवाल्याला जास्त. पण भरणारा आणि न भरणारा दोघेही त्याच वेळेला ऑफिसात पोचायचे. रस्ता आधी, पैसे नंतर.

फास्टॅगचं उलट आहे. तुमचे पैसे आधीच खात्यात पडलेले असतात. नाक्यावरचा स्कॅनर टॅग वाचतो, रक्कम वळती होते, मग आडवा दांडा उठतो. शिल्लक नसेल किंवा टॅग काळ्या यादीत गेला असेल तर दांडा जागचा हलत नाही आणि मागची रांग हॉर्न वाजवायला लागते. १६ फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर टॅग नसलेल्याला दुप्पट आकार बसू लागला. नोव्हेंबर २०२५ पासून यूपीआयने भरणाऱ्याला सव्वापट आणि रोख देणाऱ्याला दुप्पट अशी त्यात दुरुस्ती झाली. काहीही झालं तरी पैसे दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, हा मुद्दा कायम.

या एका फरकातून विरोधाची सगळी रीतच बदलते. गौतेंगमध्ये विरोध करायचा म्हणजे काहीच करायचं नाही. बिल आलं की ड्रॉवरमध्ये टाकायचं. त्याला धाडस लागत नाही, सुट्टी काढावी लागत नाही, पोलिसांशी गाठ पडत नाही. शेजारीही भरत नाही हे कळलं की उरलीसुरली भीतीही जाते. आपल्याकडे विरोध करायचा तर नाक्यावर जाऊन उभं राहावं लागतं, रांग अडवावी लागते, घोषणा द्याव्या लागतात, आणि पुढची काही वर्षं कोर्टाच्या तारखा. म्हणूनच आपल्याकडे टोलविरोध म्हटलं की डोळ्यांसमोर पक्षाचा झेंडा आणि फुटलेल्या काचा येतात. हा स्वभावाचा फरक नाही, दांड्याचा आहे.

पटत नसेल तर दक्षिण आफ्रिकेतच पाहा. जोहान्सबर्गहून डर्बनला जाणाऱ्या एन-३ महामार्गावर दांडा असलेले साधे टोलनाके आहेत. गौतेंगमध्ये वर्षानुवर्षं एक पैसाही न देणारी माणसं सुट्टीत समुद्राकडे निघाली की त्या नाक्यांवर निमूट पैसे मोजायची.

तिथे नेमकं काय बिनसलं

२०१० च्या फुटबॉल विश्वचषकाच्या तोंडावर गौतेंगमधले सुमारे १८५ किलोमीटर महामार्ग रुंद करण्यात आले. खर्च साधारण २० अब्ज रँड. राष्ट्रीय रस्ते संस्था सॅनराल हिने त्यासाठी कर्ज उभारलं आणि ते टोलमधून फेडायचं ठरलं. लोकांच्या हरकती मागवणाऱ्या जाहिराती २००७ मध्ये वर्तमानपत्रांत आल्या होत्या. त्या वाचल्या कोणी? दर जाहीर झाले २०११ मध्ये, तोवर रस्ते जवळजवळ तयार होते, आणि खरा गदारोळ तेव्हा उठला.

रागाचं कारण फक्त रक्कम नव्हतं. हे रस्ते नवे नव्हते. घर ते कामाची जागा असा रोजचा प्रवास ज्यांवरून चालायचा तेच जुने रस्ते रुंद झाले होते. पर्यायी रस्ते आधीच तुंबलेले. सार्वजनिक वाहतूक अपुरी, आणि वर्णद्वेषाच्या काळात कृष्णवर्णीयांना शहरापासून लांब वसवल्यामुळे गरिबाचाच प्रवास सगळ्यांत लांबचा. मिनीबस टॅक्सींना सूट दिली गेली, तरी स्वतःच्या जुन्या गाडीतून कामावर जाणारा कारकून किंवा नर्स त्यात बसत नव्हती.

मार्च २०१२ मध्ये औटा ही ई-टोलविरोधी संघटना उभी राहिली. तिचे प्रमुख वेन डुव्हेनेज हे भाड्याने मोटारी देणाऱ्या एका मोठ्या कंपनीचे माजी प्रमुख, म्हणजे चळवळीतला नेहमीचा चेहरा नव्हे. दुसऱ्या बाजूने कोसाटू ही कामगार संघटनांची महासंघटना उतरली, जी सत्ताधारी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसची मित्रसंघटना होती. तिने महामार्गांवर गाड्या मुद्दाम रखडत चालवून वाहतूक ठप्प केली. मोटारवाले मध्यमवर्गीय आणि लाल शर्टातले कामगार एका बाजूला, असं चित्र त्या देशात क्वचितच दिसतं.

कोर्टात मात्र औटाची डाळ शिजली नाही. एप्रिल २०१२ मध्ये प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने टोलला स्थगिती दिली, ती सप्टेंबरमध्ये संविधान न्यायालयाने उठवली. पैसा कुठून उभा करायचा हा सरकारचा धोरणात्मक प्रश्न, त्यात न्यायालयाने पडू नये, हे त्यामागचं सूत्र. पुढच्या वर्षी अपील न्यायालयानेही औटाला परत पाठवलं, कारण दाद मागायला फार उशीर झाला होता. पण त्या निकालात एक फट राहिली: उद्या एखाद्यावर टोल थकवल्याचा खटला झालाच, तर टोलच बेकायदा आहे असा बचाव तो माणूस करू शकेल. औटाने पुढची सगळी लढाई या फटीवर रचली. तुम्ही भरू नका, खटला झाला तर आम्ही उभे राहतो.

अध्यक्ष जेकब झुमा यांनी ऑक्टोबर २०१३ मध्ये आगीत तेल ओतलं. आपण आफ्रिकेतल्या आफ्रिकनांसारखा विचार करता कामा नये, हे जोहान्सबर्ग आहे, मलावीतला कुठला रस्ता नव्हे, अशा अर्थाचं ते बोलले. मलावी दुखावला आणि सारवासारव करावी लागली. २०१४ मध्ये पोस्टाचा संप लांबला आणि बिलंच पोचेनात. पोचली त्यांत चुका. नंबरप्लेटची नक्कल करणाऱ्यांमुळे भलत्याच्याच नावावर बिल, हा प्रकार वेगळा.

२०१५ मध्ये तेव्हाचे उपाध्यक्ष सिरिल रामफोसा यांनी थकबाकीवर ६० टक्के सूट, कमी दर आणि महिन्याला कमाल मर्यादा असा तोडगा मांडला. सोबत एक तंबीही होती: थकबाकी असेल तर गाडीच्या परवान्याचं नूतनीकरण नाही. ही तंबी कधी अमलात आली नाही. भरणाऱ्यांचं प्रमाण घसरत २० टक्क्यांच्या आसपास आलं. मार्च २०१९ मध्ये सॅनरालने वसुलीची कारवाईच थांबवली. ऑक्टोबर २०२२ मध्ये अर्थमंत्री एनोक गोडोंग्वाना यांनी जाहीर केलं की कर्जाचा ७० टक्के भार केंद्र उचलेल आणि ३० टक्के प्रांत. कमानींचे दिवे विझले ते आणखी दीड वर्षाने, सार्वत्रिक निवडणुकीला दीड महिना असताना.

आता यात तंत्रज्ञानाचा दोष किती? औटाचा आक्षेप वसुलीच्या खर्चावर जरूर होता: बिलं, कॅमेरे, कॉल सेंटर यांवर एवढं उधळण्यापेक्षा इंधनावरच्या करात थोडी भर घाला, वसुलीचा वेगळा खर्च शून्य. पण लोकांनी नाकारला तो टोल. कमानीने त्यांना नाकारणं सोपं करून दिलं, इतकंच.

मग गौतेंगचा भाऊ कोण?

फास्टॅग नव्हे. कोल्हापूर.

तारखा पाहा. गौतेंगची वसुली डिसेंबर २०१३ मध्ये सुरू झाली, कोल्हापूर शहरातली ऑक्टोबर २०१३ मध्ये. तिथेही रस्ते नवे नव्हते. शहरातलेच सुमारे ५० किलोमीटर रस्ते ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ तत्त्वावर आयआरबी कंपनीने केले आणि ३० वर्षं टोल घ्यायचा असं ठरलं. स्वतःच्याच गावात शिरायला पैसे, ही गोष्ट कोल्हापूरकराला पचणं अशक्य होतं. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसं पुढे होती, पण मोर्च्यात सगळ्या पक्षांचे, तालमींचे, पेठांचे लोक होते. ‘देणार नाही’ हे तिथलं ब्रीद. जानेवारी २०१४ मध्ये नाके पेटले. डिसेंबर २०१५ मध्ये राज्य सरकारने हा टोल कायमचा रद्द केल्याचं जाहीर केलं आणि कंपनीला भरपाई देण्याचं ओझं तिजोरीवर आलं, जसं गौतेंगमध्ये कर्ज आलं तसं. कोल्हापुरात फास्टॅगचा मागमूस नव्हता. पावती फाडणारा माणूस आणि समोर दांडा. तरीही टोल पडला, आणि जवळजवळ त्याच कारणांनी.

म्हणजे टोल कोणत्या रस्त्यावर आहे हा एक प्रश्न आणि तो कसा घेतला जातो हा दुसरा. फास्टॅगने सोडवला तो फक्त दुसरा. सुट्टे पैसे, रांगा, पावतीवरची हुज्जत हे सगळं बऱ्यापैकी गेलं, म्हणून लोकांनी तो स्वीकारला. ‘गाडी घेताना रोड टॅक्स भरला, पेट्रोलवर सेस भरतो, मग टोल कशाचा?’ हा पहिला प्रश्न होता तिथेच आहे. मला विचाराल तर त्याची धार थोडी बोथट मात्र झाली. हातातून शंभराची नोट जाताना जे टोचतं ते मोबाइलवर आलेल्या मेसेजने टोचत नाही.

आणि एक गोष्ट फास्टॅगने हळूच काढून घेतली: नाक्यावरचा समझोता. खेड शिवापूरच्या नाक्याचं उदाहरण घ्या. २०२० मधल्या आंदोलनानंतर तिथे एमएच १२ आणि एमएच १४ च्या गाड्यांना सूट मिळाली. अशी सूट खिडकीतला माणूस नंबरप्लेट पाहून देऊ शकतो. स्कॅनर टॅग वाचतो आणि पैसे कापतो. गावकरी कोण, पाहुणा कोण, हे त्याला कोणी आधी शिकवलेलं असेल तरच कळतं. आंदोलनाने मिळवलेली सवलत प्रणालीत नोंदवून घेणं हे आता निराळं काम होऊन बसलं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये ३,००० रुपयांना सुरू झालेला, २०० फेऱ्यांचा वार्षिक पासही असाच वरून आलेला: राष्ट्रीय महामार्गांवर चालतो, पण मुंबई–पुणे एक्स्प्रेस वे आणि समृद्धीवर चालत नाही, कारण ते रस्ते राज्याचे.

टोलमाफीचा मार्ग आपल्याकडे अजूनही नाक्यापेक्षा मतपेटीवरून जास्त जातो. मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून माफी मिळाली. दुसऱ्याच दिवशी विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली. गौतेंगच्या दीड महिन्यापेक्षा हे गणित जास्त काटेकोर म्हणायचं.

दांडा गेला की

आतापर्यंतचा फरक दांड्यावर उभा आहे, आणि तो दांडाच आता निघू घातला आहे. गाडी न थांबवता वसुली करण्यासाठी राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने गुजरातमधला सुरतजवळचा चोर्यासी आणि हरियाणातला घरौंडा हे नाके पहिल्यांदा निवडले. वर कमानी, कॅमेरे, टॅग वाचणारी यंत्रं. चित्र थेट गौतेंगचं. शिल्लक नसलेली गाडीही पुढे निघून जाणार आणि तिच्या मालकाला नोटीस मागाहून जाणार.

फरक इतकाच की आपल्या सरकारने तंबी आधी तयार ठेवली आहे. थकलेला टोल गाडीच्या नोंदीला जोडायचा आणि तो भरेपर्यंत गाडी विकताना लागणारं ना हरकत प्रमाणपत्र, फिटनेसचं नूतनीकरण, मालवाहू गाडीचा नॅशनल परमिट अडवून धरायचा, अशी दुरुस्ती केंद्रीय मोटार वाहन नियमांत जानेवारी २०२६ मध्ये झाली. रामफोसांनी २०१५ मध्ये जे बोलून दाखवलं आणि जमलं नाही, ते हेच. ट्रकवाल्याला दरवर्षी-दोन वर्षांनी फिटनेस लागतो, त्यामुळे तो लगेच सापडेल. पंधरा वर्षं गाडी न विकणारा खासगी मोटारवाला ना हरकत प्रमाणपत्र मागायला जाणार कधी, आणि तोवर त्याने नोटिसा ड्रॉवरमध्ये टाकल्या तर त्याच्या दारात कोण येणार, याचं उत्तर त्या नियमांपेक्षा ज्या रस्त्यावर कमान उभी राहते त्या रस्त्यावर जास्त अवलंबून असेल. सुरतजवळच्या हमरस्त्यावर ती खपेल. तीच कमान उद्या एखाद्या शहराच्या वेशीवर, रोजच्या येण्याजाण्याच्या वाटेवर उभी केली, तर कोल्हापूरकरांना जे जाळावं लागलं ते जाळायचीही गरज पडणार नाही.