एकाच वैद्याचे दोन काढे, आणि ह्वांगचीचा घोळ

मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडण्याचा विषय निघाला की चिनी वैद्यकातले दोन काढे हटकून एकाच दावणीला बांधले जातात: शुए फू झू यू तांग आणि बु यांग हुआन वु तांग. दोन्ही वांग चिंगरेन यांचे, 1830 सालच्या एकाच ग्रंथातले. पाच घटकही सामाईक: डांगग्वी (एक चिनी मूळ), लाल पिओनीचं मूळ, छुआनश्योंग (एक कंद), पीचच्या बियांतला गर आणि करडईची फुलं. (केशर नव्हे! आपल्या सोलापूर-परभणीकडे पिकते तीच करडई.) म्हणून ‘दोन्ही रक्त मोकळं करतात, कुठलाही घ्या’ असं बिनधास्त लिहिलं जातं.

शुए फू बऱ्याच जणांना ठाऊक असतो. 11 घटक, त्यात अडलेली ‘ची’ (चिनी वैद्यकातली अंगातली चालना-शक्ती) मोकळी करणारा छायहू. एकाच जागी टोचणारं छातीतलं दुखणं किंवा जुनी डोकेदुखी, काळसर जीभ, चिडचिड, अशा माणसाचा हा काढा.

बु यांगचं गणित वेगळं आहे. यात रक्त अडतं ते ढकलायला जोर उरला नाही म्हणून. वांग यांच्या मते अंगातली ची दहा भाग. पाच गेले की उरलेले पाच एकाच बाजूला गोळा होतात आणि दुसरी बाजू लुळी पडते. म्हणून मूळ पाठात कच्ची ह्वांगची (ची वाढवणारं मूळ) 4 लियांग, म्हणजे 40 छियेन (ही जुनी चिनी वजनं), आणि उरलेले सहा घटक (पाच सामाईक, सहावं वाळवलेलं गांडूळ) मिळून फक्त साडेसात छियेन. आजच्या हिशेबात 120 ग्रॅमला साधारण 22 ग्रॅम. खरा काढा ह्वांगचीचा, बाकीची मंडळी तोंडी लावायला.

आणि नेमकं इथंच माती खाल्ली जाते. ‘120 फार होतात’ म्हणून ह्वांगची 15 ग्रॅमवर आणायची, करडई-पीच मात्र वाढवायचे! असा काढा नावापुरता बु यांग; थकलेल्या रोग्याची उरलीसुरली ची तो आणखी खर्ची घालतो. कमी मात्रेनं सुरुवात करायला हरकत नाही, बरेच वैद्य 30 ते 60 ग्रॅमपासून चढवत नेतात. पण मग बाकीचे घटकही हलकेच ठेवावेत. ह्वांगची मधात परतलेलीही नको. डांगग्वीचा शेंडा की अख्खं मूळ, हा वाद खुशाल सोडून द्या.

उलट चूकही होते: चेहरा लाल, रक्तदाब चढलेला, जिभेवर पिवळा थर, अशाला 120 ग्रॅम दिले की डोकं जड होतं, झोप उडते. फिकट जीभ, मंद नाडी, तोंडातून गळणारी लाळ, वारंवार लघवी ही बु यांगची लक्षणं.

दोन्ही काढ्यांवरचे बरेच अभ्यास लहान आणि कच्चे आहेत. तोंड वाकडं झालं, हात गळाला, तर काढा उकळत बसू नका: गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि रक्तस्राव आहे की गुठळी हे स्कॅनशिवाय कळत नाही. रक्तस्रावात दोन्ही वर्ज्य. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर डांगग्वीमुळे आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) वाढू शकतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच सुरू करू नये.