सोबतीला एक जण पुरतो

सात रस्त्याजवळ क्लास सुटला होता. नववी-दहावीच्या पाच-सहा मुली सायकली धरून गप्पा मारत उभ्या होत्या. एकीला आईचा फोन आला. पलीकडून खणखणीत तेलुगू ऐकू येत होतं. पोरगी मात्र "हो", "निघालेच", "ठेव आता" असं मराठीत पुटपुटत बाजूला सरकली.

मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू एकाच चौकात कानावर पडणारं हे आपलं सोलापूर. पूर्वभागात तर घरोघरी तेलुगू. तरी ग्रुपसमोर तिला स्वतःच्या घरची भाषा लपवावीशी वाटली. हे मला फार लागलं.

या वयात ग्रुपने भाव दिला नाही तर ते खरोखर झोंबतं. 2003 साली अमेरिकेत काही तरुणांना मेंदूचं स्कॅन चालू असताना संगणकावर चेंडूफेकीचा खेळ दिला होता. थोड्या वेळाने बाकीचे दोन खेळाडू त्यांना चेंडू देईनासे झाले. तेव्हा शारीरिक वेदनेतही सक्रिय होणारा मेंदूचा एक भाग सक्रिय झालेला दिसला. चेंडू साधा पडद्यावरचा, तरीही! म्हणून "एवढं काय मनाला लावून घ्यायचं?" असं मुलांना म्हणू नये.

मग ग्रुपपुढे मान तुकवण्यावाचून गत्यंतर नाही का? आहे, आणि ते सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने 1950च्या दशकात दाखवून दिलं. एक रेघ दाखवायची आणि शेजारच्या तीन रेघांपैकी तिच्याएवढी कुठली ते विचारायचं. उत्तर शेंबड्या पोरालाही दिसावं इतकं सोपं. पण खोलीतले बाकी सगळे ॲशने आधीच पढवलेले, ते एकसुरात चुकीची रेघ सांगायचे. खरा विद्यार्थी एकटाच. अशा प्रसंगी सुमारे 37 टक्के उत्तरं चुकीची, ग्रुपच्या बाजूने आली.

नंतर त्याने खोलीत एकच माणूस खरं बोलणारा बसवला. चुका आधीच्या चौथाईवर आल्या. पुढची गंमत मला सर्वांत मोलाची वाटते. हा सोबती स्वतः ग्रुपपेक्षाही जास्त चुकत असला, तरी विद्यार्थ्याच्या चुका 9 टक्क्यांवर उतरल्या. म्हणजे सोबती बरोबर असायलाही नको. तो ग्रुपपेक्षा वेगळं बोलला, की आपली जीभ मोकळी होते.

शाळेत वट असणं आणि कुणाला जिवाभावाचं वाटणं या दोन गोष्टी मुळातच वेगळ्या. व्हर्जिनियातल्या संशोधकांनी 169 मुलामुलींना पंधराव्या वर्षापासून पंचविशीपर्यंत गाठून पाहिलं. ज्यांची एखादी मैत्री घट्ट होती, त्यांच्यात पुढे चारचौघांत वावरण्याची धास्ती कमी झाली आणि स्वतःबद्दलचा मान वाढला. नुसत्या लोकप्रिय मुलांची धास्ती मात्र वाढलेली आढळली. पालकांनी म्हणूनच "वर्गात तुला किती मैत्रिणी?" असं विचारण्यापेक्षा "कुणाजवळ बसून डबा खातेस?" असं विचारावं.

त्या दिवशी पांगापांग झाली तेव्हा एक मुलगी मागे रेंगाळली. तिच्या घरी कन्नड बोलत असावेत, बोलण्याच्या हेलावरून तसं वाटलं. तिने मोडक्यातोडक्या तेलुगूत विचारलं, आई काय म्हणाली? पहिली खळखळून हसली, तिचा उच्चार सुधारला आणि सायकलवर टांग टाकता टाकता तेलुगूतच सांगू लागली.