बरगड्या दिसणारं कुत्रं

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर पहाटे माझ्या हरणी कुत्रीला घेऊन गेले की आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी थांबवतंच. परवा एका आजींनी काठी टेकून वाटच अडवली. "अगं, हिला खायला घालतेस का नाही? बरगड्या मोजून घ्याव्यात अशी झालीय." मी म्हटलं, "आजी, रात्री भाकरी, अंडी आणि वाटीभर खिमा खाऊन झोपलीय." त्यांचा विश्वास बसला नाही. पिशवीतून बिस्किटं काढून त्यांनी हरणीपुढे धरली. हरणीनं हुंगली आणि तोंड फिरवलं. "बघ, खायची सवयच मोडलीय बिचारीची," म्हणत आजी पुढे गेल्या.

हरणी कारवानी आहे, म्हणजे धावणाऱ्या देशी कुत्र्यांच्या वाणाची. तिच्या मागच्या तीन-चार बरगड्या कायम दिसतात, कमरेची हाडं वर आलेली असतात आणि पोट पाठीला लागल्यासारखं आत ओढलेलं असतं. लॅब्रॅडॉर असा दिसला तर त्याला लगेच डॉक्टरकडे न्यावं. कारवानी मात्र तब्येतीत असली की अशीच दिसते. धावणाऱ्या कुत्र्याचं शरीर वेगळ्या हिशेबानं बांधलेलं असतं. त्याला सोसायटीतल्या इतर कुत्र्यांचं माप लावलं की खाण्यापासून औषधापर्यंत सगळीकडे चूक होते. ती होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

आपल्याकडे कारवानी, कर्नाटकात मुधोळ. वाण एकच, नावं दोन. केनेल क्लबांच्या नोंदवह्यांतही ती वेगवेगळी आहेत. कानांवर आणि शेपटीवर लांब रेशमी केस असले तर पश्मी म्हणतात. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी हा वाण जोपासला आणि एक जोडी इंग्लंडच्या पंचम जॉर्जला भेट दिली. २००५ साली भारतीय टपाल खात्यानं चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यांत मुधोळ होता. २०१६ मध्ये मुधोळजवळच्या तिम्मापूरच्या केंद्रातून पिल्लं मेरठला लष्कराच्या प्रशिक्षणासाठी गेली. सांगली, सोलापूर, माणदेशात मात्र कारवानीला ना तिकीट लागतं ना लष्कर. तिथं ती वाड्यावस्त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या आहेच.

धावणं म्हणजे नेमकं काय होतं ते आधी पाहू. घोडा चौखूर उधळतो तेव्हा एका फेकेत, म्हणजे चारही पाय एकेकदा टाकून होईपर्यंत, त्याचे चारही पाय एकदाच जमिनीवरून सुटतात. ग्रेहाउंड (शर्यतीत पळवतात तो विलायती कुत्रा) किंवा कारवानी एका फेकेत दोनदा हवेत असते. एकदा पाय पोटाखाली गोळा झालेले असताना आणि एकदा पुढचे पुढे, मागचे मागे असे ताणलेले असताना. मधला पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकतो आणि सुटतो. ग्रेहाउंडची एक फेक सुमारे पाच मीटरची असते आणि सेकंदाला तो तीनहून जास्त फेका टाकतो. म्हणजे ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास. कारवानी वेगात ग्रेहाउंडपेक्षा थोडी उणी, पण दमाला भारी, असं पाळणारे सांगतात. हरणीला पाहून मलाही तेच वाटतं.

हा वेग पोसायला रक्त लागतं. ग्रेहाउंडचं हृदय शरीराच्या वजनाच्या मानानं इतर कुत्र्यांपेक्षा मोठं असतं आणि शर्यतीत ते मिनिटाला ३०० च्या आसपास ठोके टाकतं. रक्तात तांबड्या पेशींचा वाटा इतर कुत्र्यांत साधारण ३७ ते ५५ टक्के असतो, ग्रेहाउंडमध्ये ५० ते ६५. शिवाय धावायच्या वेळी प्लीहा आकसते आणि साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते.  प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी, मात्र ग्रेहाउंडच्या रक्तात मुळातच कमी असतात.

याचा फटका कुठे बसतो ते मी गेल्या वर्षी पाहिलं. दिवे घाटाखाली एका शेताच्या काटेरी तारेनं हरणीची मांडी फाटली. या कुत्र्यांची कातडी कागदासारखी पातळ आणि खाली चरबीचा थर नाही, त्यामुळे तार लागली की ओरखडा पडत नाही, कातडी सरळ उलते. शिवायच्या आधी डॉक्टरांनी रक्त तपासलं. रिपोर्टवर दोन आकडे ठळक छापलेले: तांबड्या पेशी ५८ टक्के, 'जास्त'. प्लेटलेट एक लाख चाळीस हजार, 'कमी'. पुण्यात प्लेटलेट कमी दिसल्या की पहिला संशय गोचीड तापाचा, आणि तो बरोबरच आहे. गोचीड ताप इथं घरोघर होतो. डॉक्टरांनी त्याची वेगळी तपासणी केली, ती स्वच्छ आली. मग ते म्हणाले, "ही कारवानी आहे ना? मग हे आकडे हिचे स्वतःचे आहेत." थायरॉइडचंही तसंच. ग्रेहाउंड, सलुकी अशा नजरेवर शिकार करणाऱ्या कुत्र्यांत थायरॉइडचा आकडा स्वभावतःच खाली असतो आणि तेवढ्यावरून निरोगी कुत्र्याला जन्मभराच्या गोळ्या लागू शकतात. म्हणून हरणी धडधाकट असतानाचे रिपोर्ट मी फाईलला लावून ठेवले आहेत. उद्या आजारी पडली तर तुलना तिच्याच आकड्यांशी करायची.

भुलीचं प्रकरण याहून नाजूक. थायोपेंटालसारखं जुनं औषध शिरेतून दिलं की ते आधी मेंदूत जातं, मग स्नायूंत आणि चरबीत पसरतं आणि कुत्रं जागं होतं. ज्याच्या अंगावर चरबीच नाही, त्याच्या रक्तात ते रेंगाळतं. त्यातच ग्रेहाउंडच्या यकृतातलं हे औषध मोडणारं एक विकर (एन्झाइम) मंद असतं. ज्या मात्रेत दुसरं कुत्रं तासाभरात उभं राहतं, त्या मात्रेत हे कितीतरी तास सुस्त पडून राहतं. डॉक्टरांना वाण आधीच सांगितला तर ते औषध बदलतात, इतकी साधी गोष्ट आहे. "गावठी मिक्स आहे" असं म्हणून मोकळं होऊ नका.

आता खुराक. गावाकडे कारवानी भाकरीवर वाढते. बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी, ताक, कधी अंडं, जत्रेच्या दिवशी मटणाची हाडकं. शहरात आलं की लोक म्हणतात, कुत्रं म्हणजे लांडगाच, त्याला निव्वळ मांस हवं. २०१३ मध्ये स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी कुत्रा आणि लांडगा यांची जनुकं ताडून पाहिली. पिष्ट पचवणारं विकर बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती सापडल्या, कुत्र्यात ४ पासून ३० पर्यंत. पुढच्या अभ्यासात दिसलं की ज्या भागांत शेती जुनी आहे तिथल्या कुत्र्यांत या प्रती जास्त असतात. माणसानं पेरायला सुरुवात केली आणि त्याच्या उंबऱ्यावरचं कुत्रंही दाणे पचवायला शिकलं. भाकरी ही कुत्र्याची उपासमार नव्हे. तेवढ्यावर भागत नाही, एवढंच. स्नायू बांधायला मांस, अंडी हवीत आणि वाढत्या पिल्लाला कॅल्शियम डॉक्टरच्या सल्ल्यानं, कमीही नको आणि जास्तही नको. कांदा मात्र अजिबात नको. त्यानं तांबड्या पेशी फुटतात, आणि आपल्या रश्श्यात कांदा असतोच.

नुसत्या मांसानं वेग वाढतो हाही समज टिकलेला नाही. शर्यतीच्या ग्रेहाउंडांना पिष्ट कमी करून प्रथिनं वाढवली तेव्हा ते किंचित हळू धावले. अर्ध्या मिनिटाच्या झेपेला स्नायूंत साठवलेली साखर लागते. दुसऱ्या एका प्रयोगात रोजचं खाणं थोडंसं कमी केल्यावर तेच कुत्रे जास्त वेगानं धावले. आजींना हे सांगायला हवं होतं. एक पथ्य मात्र मी कधी मोडत नाही. खाल्ल्यावर दोन तास धावणं नाही आणि धावून धाप लागलेली असताना खाणं नाही. खोल छातीच्या कुत्र्यात भरलेलं पोट फुगून पीळ पडू शकतो, आणि मग काही तासांत खेळ संपतो.

पैदाशीबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचं आहे. इंग्लंड-आयर्लंडमध्ये लर्चर नावाचं कुत्रं असतं. तो वाण नाही, मुद्दाम केलेला संकर आहे: एका बाजूला ग्रेहाउंड किंवा त्याचाच लहान भाऊ व्हिपेट, दुसऱ्या बाजूला बहुतेक वेळा मेंढ्या वळणारा कोली, कधी टेरिअर. वेग एकाचा, अक्कल आणि दम दुसऱ्याचा. आपल्याकडे शर्यतीच्या नादापायी हेच चाललंय, फक्त नाव 'क्रॉस' आहे. कारवानी मादी माजावर आली की तिला ग्रेहाउंड लावायचा. हरणीसाठीही इंदापूरच्या बाजूचे एक काका दोनदा येऊन गेले. "ताई, पहिली वीण सोन्यासारखी येईल बघा."

पहिल्या विणीबद्दल काका खोटं बोलत नव्हते. दोन वेगळ्या वाणांच्या पहिल्या संकरात एकाकडचं सदोष जनुक दुसऱ्याकडच्या धडक्या जनुकामागे झाकलं जातं, पिल्लं दणकट निघतात आणि एकमेकांसारखी असतात. हायब्रीड ज्वारीचं हेच तत्त्व. पण हायब्रीडचं बियाणं घरी राखून दुसऱ्या वर्षी पेरलं की काय होतं, हे शेतकऱ्याला कुणी सांगायला नको. एक ताट उंच, एक बुटकं, एक कणीस भरलेलं, एक पोचट. क्रॉसला क्रॉस लावला की पिल्लांत हीच फाटाफूट होते. आणि दरम्यान शुद्ध कारवानी मादी, जी त्या पहिल्या विणीचं भांडवल असते, तिची स्वतःच्या वाणाची वीण बुडते. असं गावोगाव झालं तर लावायला कारवानी उरणार कुठे?

वेगामागे आंधळेपणानं लागलं की काय निघतं याचं उदाहरण व्हिपेटमध्ये आहे. मायोस्टॅटिन नावाचं प्रथिन स्नायूंची वाढ आवरतं. काही व्हिपेटमध्ये त्याच्या जनुकातली दोन अक्षरं गळालेली आहेत, हे २००७ मध्ये उघड झालं. असं बिघडलेलं जनुक एकाच पालकाकडून आलं तर कुत्रा जास्त पिळदार होतो आणि शर्यतीत पुढे असतो. म्हणून पाळणारे नेमके तेच निवडतात. अशा दोघांची जोडी लावली की सरासरी चारांतल्या एका पिल्लाला दोन्हीकडून बिघाड मिळतो आणि ते बैलासारखं फुगतं, मानेचे, मांड्यांचे स्नायू दुप्पट. त्याचा व्हिपेट म्हणून उपयोग नाही, म्हणून अशी पिल्लं कित्येकदा जन्मल्यावर मारली गेली. आज साधी जनुक चाचणी करून जोडी ठरवता येते.

काकांना मी नाही म्हटलं. हरणीला पिल्लं होऊ द्यायचीच असतील तर कारवानीचीच, नात्यातला नर टाळून.

राहिलं काम. कारवानीचं जुनं काम ससा धरणं. ते आता करायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं सशालाही संरक्षण आहे, चिंकाऱ्याला तर आहेच, आणि सासवड-सुप्याच्या माळांवर लांडगा, चिंकारा, ससा यांच्याकडे आधीच जागा थोडी उरली आहे. तिथं मोकळं सोडलेलं कुत्रं रोगही नेतं. पण ज्या डोळ्याला हजारो वर्षं पळणारी वस्तू टिपायला निवडलं, त्याला दिवसभर गॅलरीत बसवणंही बरं नव्हे. लांब नाकाच्या कुत्र्यांच्या दृष्टिपटलात चेतापेशींचा एक आडवा पट्टा असतो, क्षितिजाला समांतर. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांत त्या मध्यभागी गोळा झालेल्या असतात. माळावर हललेली कुठलीही गोष्ट त्या पट्ट्यात सापडते. हरणी टेकडीवर मध्येच खांबासारखी थांबते, तेव्हा मला काही दिसत नसतं आणि तिला सगळं दिसत असतं.

म्हणून आम्ही एक जुगाड केला आहे. सासवडजवळ मैत्रिणीचं कुंपणाचं पडीक रान आहे. जुनी सायकल उलटी ठेवायची, मागच्या चाकाचा टायर काढून रिमवर नायलॉनची दोरी बांधायची आणि दुसऱ्या टोकाला, शंभरेक मीटरवर, पांढरी प्लॅस्टिकची पिशवी. पायडल हातानं फिरवलं की दोरी गुंडाळत येते आणि पिशवी उड्या मारत पळते. लाल कापड बांधू नका. कुत्र्याला लाल रंग गवतात वेगळा दिसत नाही, पांढरा, पिवळा, निळा दिसतो. पायडलच्या एका फेऱ्यात साधारण पाच मीटर दोरी येते. धाव सरळच ठेवायची. गोल ट्रॅकवर एकाच बाजूला वळून वळून ग्रेहाउंडच्या मागच्या उजव्या पायाची घोट्याची हाडं मोडतात, हे शर्यतीच्या देशांत चांगलंच माहीत आहे. वर्षाच्या आतल्या पिल्लाला तर पळवायचंच नाही, त्याची हाडं अजून जुळायची असतात.

हे सगळं सूर्य वर यायच्या आत. झेप संपेपर्यंत अंगाचा ताप ४१ अंशांवर जाऊ शकतो आणि कुत्र्याला घाम सुटत नाही, तापलेलं सगळं धापेवाटे बाहेर टाकावं लागतं. एप्रिल-मे महिन्यात आम्ही सायकल काढतच नाही.

मैत्रीण पायडल मारते, मी हरणीला धरून असते. पिशवी हलली की माझ्या हाताखाली तिची छाती आधी थरथरते. सोडल्यावर पहिल्या तीन-चार फेकांत धूळ, मग धूळही मागे पडते आणि पायांचा आवाज थांबल्यासारखा वाटतो, कारण प्रत्येक फेकेत ती खरोखरच दोनदा हवेत असते. दोन धावा, फार तर तीन. मग मी नळाचं पाणी तिच्या पोटावर, मांड्यांवर ओतते आणि ती बाभळीखाली ओल्या गोणपाटावर आडवी होते. बरगड्या भात्यासारख्या वरखाली होत असतात. मी घड्याळ लावून बसते. पंधरा मिनिटांत श्वास खाली येतो, ती जांभई देते, आणि मगच भाकरीचा डबा उघडायला अजून किती वेळ आहे ते विचारायला माझ्याकडे बघते.