सीमॉस उडालं की बायोस उडाला? अपडेटनंतर बंद पडलेला जुना पीसी

अवॉर्ड कंपनीचा बायोस असलेल्या जुन्या मदरबोर्डवर बायोसच्या अपडेटनंतर मशीन अडलं, तर पडद्यावर दोनपैकी एक ओळ येऊ शकते. एक ‘सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड’ आणि दुसरी ‘बायोस रॉम चेकसम एरर’. चेकसम म्हणजे आतला मजकूर शाबूत आहे का ते तपासणारी बेरीज. वाचताना दोन्ही सारख्याच वाटतात. पहिलीचा अर्थ एवढाच की जपून ठेवलेल्या सेटिंग्ज गेल्या आणि मूळच्या ठरलेल्या (डिफॉल्ट) सेटिंग्ज लागल्या. दुसरीचा अर्थ, मशीन सुरू करणारा प्रोग्राम, म्हणजे बायोसच फाटला.

फोनवर सांगताना दोन्हींना आपण ‘बायोस उडाला’ म्हणतो आणि पलीकडून उत्तरही ठरलेलं येतं, ‘सेल काढ, पाच मिनिटांनी लाव.’ पहिल्या बिघाडात हा सल्ला बरोबर आहे. दुसऱ्यात सेल महिनाभर बाहेर ठेवला तरी काही होणार नाही. उलट चूकही तितकीच होते. नुसती साटा मोडची (डिस्कशी बोलायच्या पद्धतीची) सेटिंग बदललेली असते आणि चांगला बोर्ड ‘डेड’ ठरवून भंगारात जातो. म्हणून स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी दोन्ही गोष्टी वेगळ्या करून बघायला हव्यात.

बोर्डवर दोघांची घरं वेगळी

सीमॉस म्हणजे चिपसेटच्या आत, घड्याळाच्या सर्किटशेजारची थोडीशी मेमरी. वीज गेली की ती पुसली जाते, म्हणून तिच्या जिवासाठी बोर्डवर सीआर२०३२ सेल असतो. २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, ३ व्होल्ट. तारीख, वेळ, बूटचा क्रम, साटाचा मोड, रॅमचा वेग अशा नोंदी तिथे राहतात.

बायोस स्वतः राहतो फ्लॅश चिपमध्ये. ही आठ पायांची छोटी चिप असते आणि तिच्या नंबरात बहुधा ‘२५’ सापडतं, उदाहरणार्थ विनबाँडची डब्ल्यू२५क्यू६४. त्याहून जुन्या बोर्डांवर ३२ पायांची चौकोनी चिप सॉकेटमध्ये बसवलेली दिसते. या चिपला सेलची गरजच नसते, वीज नसली तरी आतलं जसंच्या तसं राहतं. २६ एप्रिल १९९९ला सीआयएच व्हायरसने हार्ड डिस्कबरोबर जमेल तिथे या चिपवरही कचरा लिहिला होता. ती मशीनही सेल काढून उठली नव्हती.

गोंधळ वाढवणारी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) आल्यापासून बऱ्याच सेटिंग्ज सीमॉसमध्ये न राहता फ्लॅश चिपच्याच एका कोपऱ्यात लिहिल्या जातात. त्यामुळे अशा बोर्डवर सेल काढून सगळं पुसलं जाईलच याची खात्री नसते. अनेकदा जंपर (बोर्डवरच्या दोन पिना जोडणारी छोटी टोपी) फक्त ‘डिफॉल्टवर जा’ एवढा निरोप देतो आणि पुढचं काम बायोसचा प्रोग्राम करतो. तो प्रोग्रामच फाटलेला असेल तर निरोप ऐकणार कोण? लॅपटॉपचा बायोस पासवर्डही बहुधा चिपमध्ये असतो. सेल काढून तो जात नाही, त्याचं कारणही हेच.

रॅम काढून ऐका

पडद्यावर काहीही येत असेल, लोगो, सेटअप (बायोसच्या सेटिंग्जचा पडदा), निळा पडदा, अगदी ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ हा निरोपसुद्धा, तर बायोस बहुतेक शाबूत आहे आणि दोष सेटिंग्जचा आहे. घड्याळ मागच्या एखाद्या वर्षाच्या १ जानेवारीवर गेलेलं असणं, विंडोज उघडल्यावर ब्राउझरने प्रत्येक साइटच्या सर्टिफिकेटबद्दल कुरकुर करणं, ही त्याच घरातली लक्षणं. अपवाद सुरुवातीला सांगितलेल्या दुसऱ्या ओळीचा. ती ओळ चिपमधला छोटा बूटब्लॉक, म्हणजे बायोसचा सगळ्यात आधी चालणारा तुकडा, दाखवतो. तो जिवंत आहे, बाकीचा बायोस गेला आहे.

खरी परीक्षा काळ्या पडद्याची. पंखे फिरतात, डिस्प्ले नाही. आधी मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डातून काढून बोर्डच्या स्वतःच्या पोर्टला लावून बघा. डिफॉल्टवर गेलेला बोर्ड चित्र दुसऱ्याच पोर्टवर पाठवत असू शकतो. मग बोर्डच्या स्पीकरच्या पिनांवर छोटा बझर लावा, सगळी रॅम काढा आणि चालू करा. रॅम नसल्याची बीप आली तर प्रोसेसर चालतोय आणि चिपमधला प्रोग्राम निदान तिथपर्यंत पोचतोय. मग संशय रॅमवर, ग्राफिक्सवर किंवा सेटिंग्जवर. आपल्याकडे पावसाळ्यात रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर दमटपणाचा थर चढतो. तो खोडरबराने पुसून एकेक स्टिक वेगवेगळ्या स्लॉटमध्ये लावायची. अपडेटच्या दिवशीच रॅमने दगा दिला, असंही होतं.

रॅम काढूनही एक बीप नाही, नम लॉक दाबूनही त्याचा दिवा बदलत नाही, पोस्ट कार्डवर (सुरुवातीच्या तपासणीचा कोड दाखवणाऱ्या कार्डवर) ०० किंवा एफएफ अडकून बसलंय, पंखा पूर्ण वेगाने गरगरतोय, आणि हे सगळं अपडेट मध्येच तुटल्यावर सुरू झालंय, तर बायोस गेला असंच धरा. मात्र जंपरने क्लिअर करण्याचा एक प्रयत्न केल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण त्यात गमावण्यासारखं काही नाही.

एक लक्षण दोन्हींच्या मधलं आहे. इंटेलचं मशीन नीट चालू होतं आणि बरोबर ३० मिनिटांनी आपोआप बंद पडतं. हे सीमॉसचं काम नाही. फ्लॅश चिपमध्ये बायोसशेजारी इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिनचा वेगळा भाग असतो. तो बिघडला की हे होतं आणि सेल बदलून जात नाही.

सेटिंग्ज गेल्या असतील तर

एसएमपीएसची (कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायची) केबल भिंतीतून काढा. नुसतं पॉवर बटण बंद करून भागत नाही, कारण ५ व्होल्टची स्टँडबाय वीज सीमॉसला जिवंत ठेवते. केबल काढल्यावर पॉवर बटण १५ सेकंद दाबून धरा. मग सीएलआरटीसी, सीएलआर सीमॉस किंवा जेबॅट१ अशा नावाचा जंपर पिन १-२ वरून २-३ वर १० सेकंद नेऊन परत जागेवर आणा. जंपर क्लिअरच्या जागी असताना मशीन कधीही चालू करू नका. जंपर सापडत नसेल तर सेल १० मिनिटं बाहेर ठेवा.

बाहेर काढलाच आहे तर सेल मल्टिमीटरवर मोजा. नव्याला ३.२ व्होल्टच्या आसपास दाखवतं. २.७च्या खाली असेल तर बदलून टाका. दहा वर्षं जुन्या पीसीत बऱ्याचदा सेल आधीच मेलेला असतो. मशीनची केबल कायम लावलेली असते म्हणून ते कळत नाही. अपडेटच्या निमित्ताने वीज काढली जाते आणि दोष अपडेटच्या माथी येतो.

मग सेटअपमध्ये जाऊन डिफॉल्ट लोड करा आणि दोन नोंदी नीट बघा. विंडोज साटाच्या एएचसीआय मोडमध्ये टाकलेलं असेल आणि डिफॉल्टने साटा जुन्या आयडीई मोडवर नेलं असेल, तर निळा पडदा ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणून थांबतो. जुनं विंडोज एमबीआर (जुन्या पद्धतीने विभागलेल्या) डिस्कवर असेल आणि अपडेटने सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करण्याची सोय) बंद केलं असेल, तर डिस्क दिसते पण बूट होत नाही. पूर्वीचा मोड परत लावला की विंडोज मुकाट्याने उघडतं. विंडोज नव्याने टाकायची गरज नसते, आणि टॅलीचा डेटा असलेल्या मशीनवर तर ती घाई करूच नका. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कवरचं कुलूप) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाईल. ती अपडेटच्या आधी लिहून ठेवायची असते. आणि टीपीएम (त्या कुलपाची किल्ली जपणारी सुरक्षा चिप) क्लिअर करायचं नाही.

बायोस गेला असेल तर

लगेच चिप उचकटायला जाऊ नका. बऱ्याच बोर्डांनी स्वतःचा मार्ग ठेवलेला असतो, तो आधी वापरा. गिगाबाइटच्या ड्युअल बायोस बोर्डवर दुसरी चिप असते आणि ती पहिलीवर आपली प्रत लिहू शकते. असं होत असताना काही मिनिटं मशीनला हात लावायचा नाही. असुसच्या क्रॅशफ्री बायोसला बोर्डबरोबरची सीडी किंवा योग्य नावाची फाइल असलेला पेनड्राइव्ह हवा. एमएसआयच्या फ्लॅश बटणासाठी फाइलचं नाव एमएसआय डॉट रॉम असं बदलावं लागतं. जुन्या एएमआय बायोसमध्ये एएमआयबूट डॉट रॉम नावाची फाइल ठेवून कंट्रोल आणि होम दाबून धरतात. अवॉर्डचा बूटब्लॉक फ्लॉपीच शोधतो, म्हणून त्या काळच्या बोर्डसाठी एक चालू फ्लॉपी ड्राइव्ह जपून ठेवण्यासारखा आहे. इंटेलच्या स्वतःच्या डेस्कटॉप बोर्डांवर बायोस कॉन्फिग जंपर पूर्ण काढला की बोर्ड रिकव्हरीत जातो. एचपी लॅपटॉपला विंडोज आणि बी, बऱ्याच डेल लॅपटॉपना कंट्रोल आणि एस्केप धरून चार्जर लावणं, अशा किल्ल्या आहेत.

पेनड्राइव्ह ८ जीबीचा किंवा लहान, एफएटी३२ फॉरमॅटचा, आणि यूएसबी २ च्या काळ्या पोर्टमध्ये. ६४ जीबीचा नवा पेनड्राइव्ह लावून ‘रिकव्हरी होत नाही’ म्हणणारे बरेच असतात. इतक्या लहान प्रोग्रामला तो नीट वाचताच येत नाही.

हे सगळं फसलं की प्रोग्रामर, म्हणजे चिपवर थेट लिहिणारं यंत्र. चिप सॉकेटमध्ये असेल तर मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत अख्खं कॅबिनेट टॅक्सीत घालून नेऊ नका. चिप ओढून अँटिस्टॅटिक पिशवीत ठेवा, बोर्डचं पूर्ण नाव आणि रिव्हिजन कागदावर लिहा आणि तेवढंच घेऊन जा. बहुतेक दुकानं रविवारी बंद असतात. चिप सोल्डर केलेली असेल तर तिचे पाय पकडणारी क्लिप लागते, किंवा हॉट एअरने ती उचलावी लागते.

घरी करणाऱ्यांसाठी सीएच३४१ए हा स्वस्त प्रोग्रामर पुरतो, पण त्याच्या काळ्या आवृत्तीत एक खोड आहे. चिपला वीज ३.३ व्होल्ट मिळते, डेटाच्या तारांवर मात्र ५ व्होल्ट येतात. बऱ्याच चिप ते सोसतात, पण १.८ व्होल्टची चिप असेल तर वेगळा अ‍ॅडॅप्टर लावल्याशिवाय जोडूच नका. मॅक्रॉनिक्सची एमएक्स२५एल ३ व्होल्टची आणि एमएक्स२५यू १.८ची. विनबाँडमध्ये ६४एफव्ही ३ व्होल्टची आणि ६४एफडब्ल्यू १.८ची. एका अक्षराचा फरक आहे, भिंगातून वाचा.

केबल, सेल आणि लॅपटॉपची बॅटरी, तिन्ही काढून मगच क्लिप लावा. लाल तार चिपवरच्या ठिपक्याच्या बाजूला. सर्वांत आधी, आत कचरा आहे असं वाटत असलं तरीही, चिप दोनदा वाचा आणि दोन्ही फाइलींची तुलना करा. त्या जुळत नसतील तर क्लिप नीट बसलेली नाही, किंवा प्रोग्रामरची वीज बोर्डच्या बाकी भागात वाहून जातेय. अशा वेळी लिहायला गेलात तर अर्धवट लिहिलं जाईल, त्यापेक्षा चिप उचला. जुळलेली प्रत कधीही पुसू नका. मशीनचा सीरियल नंबर, बऱ्याच बोर्डांवर नेटवर्कवर मशीनची ओळख पटवणारा मॅक अ‍ॅड्रेस आणि ब्रँडेड मशीनमधली विंडोजची की तिच्यातच असते.

मग फाइल. डब्ल्यू२५क्यू६४ मधले ६४ मेगाबिट असतात, म्हणजे ८ मेगाबाइट, म्हणजे नेमके ८३,८८,६०८ बाइट. लिहायच्या फाइलचा आकार चिपइतकाच हवा. असुसची कॅप फाइल २,०४८ बाइटने मोठी भरते. फाइलच्या सुरुवातीचं तेवढं डोकं कापलं नाही तर सगळंच सरकतं आणि बोर्ड उठत नाही. लॅपटॉपची कंपनीच्या साइटवरची फाइल अनेकदा फक्त बायोसचा भाग असतो. ती अख्ख्या चिपवर लिहिली तर मॅनेजमेंट इंजिन पुसलं जातं. जुन्या प्रतीतला बाकीचा भाग ठेवून तेवढाच तुकडा बदलायचा. शेवटी पुसा, लिहा, पडताळा, याच क्रमाने. पडताळणी टाळू नका.

मुळात तुटतं कुठे

आपल्याकडे जुन्या पीसीचा बायोस अपडेट करण्याचं नेहमीचं कारण म्हणजे इंटेलच्या एच६१ चिपसेटच्या बोर्डवर तिसऱ्या पिढीचा सेकंडहँड आय५ किंवा आय७ बसवणं. हा अपडेट जुना, दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर बसलेला असतानाच करायचा असतो. नवा आधी बसवला तर काळा पडदा येतो आणि बायोस उडाल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात काहीच उडालेलं नसतं. जुना प्रोसेसर परत लावला की मशीन उठतं. काही बोर्डांना मधली एक आवृत्ती आधी टाकावी लागते. बोर्डच्या कोपऱ्यावर छापलेली रिव्हिजन १.० असताना २.०ची फाइल टाकणं हे बायोस खरोखर तुटण्याचं एक कारण.

दुसरं वीज. मुंबईत वीज फारशी जात नाही, म्हणून घरात यूपीएस नसतो. पण गिझर आणि इस्त्री एकाच वेळी चालू झाल्यावर एमसीबी पडायला क्षण पुरतो, आणि चिप पुसून झाली असेल पण लिहून झाली नसेल, तर तेवढ्यात खेळ संपतो. कॉम्प्युटरचा यूपीएस तासाभरासाठी उसना आणणं अवघड नाही. ओव्हरक्लॉक (प्रोसेसरचा वाढवलेला वेग) आणि एक्सएमपी (रॅमचा वाढवलेला वेग) अपडेटच्या आधी काढून टाका, आणि शक्य असेल तर विंडोजमधून न करता सेटअपमधल्या फ्लॅश टूलने करा.

मशीन उठल्यावर बायोसची आवृत्ती, सीरियल नंबर आणि मॅक अ‍ॅड्रेस बघून घ्या. इंटरनेटवरून उतरवलेली दुसऱ्या कुणाच्या मशीनची अख्खी प्रत लिहिली असेल, तर मॅकही त्याचाच येऊ शकतो. आणि एका ऑफिसात दोन पीसी त्याच प्रतीवरून उठवले असतील तर दोघं एकाच लॅनवर आले की एकाचं नेटवर्क आळीपाळीने तुटत राहतं. तेव्हा दोष केबलमध्ये शोधू नका. आधी जपून ठेवलेल्या प्रतीतून स्वतःचा मॅक काढून परत लिहा.